हिमायतनगरची कललेली खुर्ची

पुण्याहून निघतानाच मी ठरवलं होतं की या खेपेस चारमिनार नाही पाहिला तरी चालेल, पण थोरल्या बहिणीला तिच्या क्लबात नेऊनच परतायचं. नल्लकुंट्याला ताईच्या घरी पोचले, चहा झाला आणि मी विषय काढला. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आमचे भाऊजी दर शनिवारी तिला हिमायतनगरच्या एका हॉटेलच्या तळघरात नाचायला नेत. लग्न झाल्यापासूनचा नेम. भाऊजींना जाऊन वर्ष उलटलं होतं आणि ताई तो जिना पुन्हा उतरली नव्हती. घरात बसून ती सुकत चालली होती, ते मला बघवेना. दोन दिवस मी तिचं डोकं खाल्लं तेव्हा म्हणाली, "हौ (बरं), चल. पण मी नाचणार नाही."

शनिवारी संध्याकाळी गेलो. आंध्रात दारूबंदी चालू होती, त्यामुळे बारमागे नुसता लिंबूसोडा. तरुण मंडळी घरी नवं केबल बघत बसली असावीत. तळघरात होती ती साठीच्या आसपासची माणसं आणि गरमागरम लुखमी (खिम्याचा चौकोनी समोसा). पुरुष पिशवीतून चामडी तळाचे बूट काढून घालत आणि मगच लाकडी फरशीवर उतरत. पोट सुटलेले गृहस्थ इतक्या हलक्या गिरक्या घेत होते की मी हातातली लुखमी खायची विसरले, आणि मी खायचं सहसा विसरत नाही.

कोपऱ्यातल्या टेबलाशी ताई थांबली. तिथे एक खुर्ची पुढे कलवून टेबलाला टेकवली होती. वाकडी वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. मी खुर्ची सरळ केली आणि ऐसपैस बसले.

शेजारच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं. पांढऱ्या दाढीचे, सुटातले एक गृहस्थ आले. भाऊजींचे जुने दोस्त मोईनभाई. ताईपुढे किंचित झुकून म्हणाले, "भाभी, कुर्सी सीधी दिखी, इस वास्ते आया. चलते क्या?"

ताईचा चेहरा उतरला. जोडीतलं एक माणूस गेलं की क्लबवाले त्याची खुर्ची अशी कलती ठेवतात, हे तिने मला तेव्हा हळूच सांगितलं. मागे राहिलेल्याने ती सरळ करेपर्यंत त्याला कुणी नाचायला विचारायचं नाही, असा तिथला रिवाज. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठून खुर्ची कलवायला गेले, तर ताईने माझा खांदा दाबला.

"नक्को (नको) उठू. बस. माझ्या हाताने ती कधी सरळ झाली नसती."

आणि ती मोईनभाईंबरोबर गेली. पहिल्या फेरीत अडखळली, मग पाय आपोआप पडू लागले. परत आली तेव्हा डोळे वाहत होते.

"तुझे भाऊजी दर वळणावर माझा पाय तुडवायचे," ती म्हणाली. "आज एकदाही कुणी तुडवला नाही."

मी तिला रडू दिलं. सोडा पुढे सरकवला. बँडने नवी धून धरली तेव्हा ती डोळे पुसून आपणहून उठली.

माझी परतीची गाडी पुढच्या शनिवारची निघाली. ताई स्टेशनवर येणार हे मी धरूनच चालले होते. तिने मला दारातच रिक्षात बसवलं.

"शनिवार आहे ना," ती केसांत पिन खोचत म्हणाली. "मला उशीर होतो."

मला राग पटकन येतो, पण त्या दिवशी आला नाही. गाडी सुटली तेव्हा फलाटावर माझ्यासाठी हात हलवणारं कुणीच नव्हतं, आणि ताईच्या गावाहून इतक्या निश्चिंत मनाने मी यापूर्वी कधी निघाले नव्हते.