न तोडलेल्या शेंगा

बाईंनी माझी पिशवी प्रार्थनाघराच्या पायरीवर उलटी केली. रविवार होता. सभा सुटली होती, सगळे बाहेर उभे होते. पिशवीतून चष्म्याचं घर पडलं. रुमाल पडला. बीपीच्या गोळ्यांचं पाकीट पडलं. फडक्यात बांधलेली अर्धी भाकर पडली. शेवटी तंबाखूची पुडी पडली.

प्रभुभोजनाचा हरवलेला पेला पडला नाही. तो पिशवीत नव्हताच.

पण बाईंना पुडी पुरली. त्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "पाहा. बाप्तिस्म्याच्या वेळी हे सोडलं म्हणून सांगितलं होतं हिनं. आणि शेंगांचं तर हिनंच कबूल केलं आहे. जो हात शेंगांना गेला तो पेल्याला जाणार नाही काय?"

मागे कोणीतरी हसलं. बायकी आवाज होता. कोण ते मी वळून पाहिलं नाही.

मी खाली बसले आणि सामान गोळा केलं. गोळ्यांचं पाकीट दोनदा हातातून सुटलं. भाकरीला माती लागली होती. ती पुसून परत बांधली. पुडी तिथेच राहू दिली. ती उचलायची हिंमत झाली नाही.

बाईंचे यजमान, साहेब, पायरीवर उभे होते. ते कधी ओरडत नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "घरी जा. गुडघ्यावर बस. पेला जिथे असेल तिथून आण. देव क्षमा करतो. पण तोवर तुला प्रभुभोजन नाही."

मी चोरी केली नव्हती. तरी मी म्हणाले, "हो साहेब."

हे "हो" माझ्या तोंडून कसं निघालं ते सांगायला मी हे लिहिते आहे.

मी दारव्ह्याकडच्या एका बंजारा तांड्यातली. चौथीपर्यंत शिकले. मी आणि माझा नवरा उतारवयात ख्रिस्ती झालो. त्याची दारू त्या प्रार्थनाघरात सुटली. हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. तांड्यानं आमच्याशी जाणंयेणं तोडलं. सख्ख्या भावानं सांगितलं, "आता तुमची माती आमच्यात होणार नाही." नवरा मेला तेव्हा खांदा द्यायला तांड्यातलं कोणी आलं नाही.

साहेबांनी जागा दिली. ते मोठ्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, घरची शेती मोठी. प्रार्थनाघर त्यांच्या जमिनीवर. त्यांच्या तुरीच्या वावराला लागून एक पट्टा आहे, तिथे आमची माणसं पुरतात. माझा नवरा तिथे कडुनिंबाखाली आहे. त्याच्या उजव्या बाजूला एक जागा रिकामी आहे. ती माझी, असं मी धरून चालले होते. सत्तरी उलटल्यावर बाई दुसरं काय धरून चालणार?

पाळक महिन्यातून एकदा यवतमाळहून येतात, प्रभुभोजनाच्या रविवारी. बाकी दिवस साहेबच सगळं पाहतात. आदल्या शनिवारी दुपारी तयारीची सभा असते. तिच्यात ज्याचं त्यानं पाप कबूल करायचं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. मनात पाप ठेवून प्रभूच्या मेजाजवळ गेलं तर ते जेवण अंगावर उलटतं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी ते पक्कं धरलं. एखाद्या शनिवारी काही विसरलं तर रविवारी भाकरीचा तुकडा घशाखाली जाताना मला घाम फुटायचा. आता पडते, आता मरते, असं वाटायचं.

त्या सभेत एक गोष्ट मी कितीतरी वर्षं पाहिली आणि मला ती दिसली नाही. साहेब उठायचे आणि म्हणायचे, "प्रभू, मी विचारात चुकलो." बाई म्हणायच्या, "माझी प्रीती कमी पडली." आमेन. संपलं. आमची पाळी आली की साहेब विचारायचे, कुठे, कधी, कोणाशी? त्यांच्या पापाला नाव नव्हतं. आमच्या पापाला नाव, गाव, वार, सगळं लागायचं.

मी सगळं सांगायचे. सुनेवर ओरडले. शेजारी बकरं कापलं होतं, रक्त वर्ज्य असून तिथे रक्ताची सळोई खाल्ली. शेजारणीचा टीव्ही पाहून जीव जळला. एक तंबाखू सोडून सगळं सांगायचे. तंबाखू सांगितली असती तर बाप्तिस्माच खोटा ठरला असता, असं मला वाटायचं. म्हणून खरं मोठं होतं ते गिळायचे आणि लहान लहान पुढे करायचे.

एका शनिवारी सांगायला काही उरलं नाही. तो महिना मी तापानं पडून होते. कोणाशी बोललेही नव्हते. मी म्हणाले, "या खेपी काही नाही साहेब."

साहेब म्हणाले, "काही नाही, हाच गर्व. गर्व हे सगळ्यात मोठं पाप. नीट आठव."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मला भेव सुटलं. खिडकीतून साहेबांचं वावर दिसत होतं, तुरीला शेंगा लागलेल्या. मी म्हणून टाकलं, "तुमच्या वावरातल्या शेंगा तोडल्या. पदराचा ओटा भरून."

मी एकही शेंग तोडली नव्हती.

साहेब हसले. फार दिवसांनी ते माझ्याकडे पाहून हसले. म्हणाले, "मी क्षमा केली. देवही करो." सगळे आमेन म्हणाले. मी घरी गेले आणि मला बरं वाटलं. हेच सांगायला लाज वाटते. खोटं बोलून मला बरं वाटलं.

पुढे दुसऱ्यांनाही तेच शिकवलं. मंगला म्हणून एक कोलाम आदिवासी पोरगी आहे, साहेबांच्या वावरात निंदणीला जाते. सभेत कबूल करायची तिची पहिली वेळ आली तेव्हा ती गप्प उभी राहिली. मी खाली बसल्या बसल्या तिच्या पायाला कोपर मारलं आणि हळूच म्हणाले, "काहीतरी सांग वं. लहानसं सांग. साहेबायले बरं वाटते." तिनं काहीतरी सांगितलं. साहेब खूश झाले. मला वाटलं, मी पोरीला मार्गी लावलं.

मग पुढच्या हिवाळ्यात पेला गेला. प्रभुभोजनाचा पेला, पितळेचा, वर चांदीचं पाणी दिलेला. तो बाईंनी माहेरहून आणला होता. तो घासायचं काम माझं. तो ज्या पेटीत असे तिची किल्ली माझ्याजवळ. रविवारी सकाळी पेटी उघडली तर पेला नाही. पाळकांनी त्या दिवशी स्टीलच्या ग्लासात भागवलं. सभा सुटल्यावर पायरीवर जे झालं ते वर सांगितलंच आहे. पाळक तिथेच होते. तरुण आहेत. जीपची वेळ झाली म्हणून निघून गेले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भाकर गिळवत नव्हती. मी माझंच घर तपासलं. हसू नका. तांदळाचा डबा उपसला, गोधड्या झटकल्या, चुलीमागे हात घालून पाहिलं. मला वाटायला लागलं की मी नेला असेल. शेंगांचं नव्हतं ते मी कबूल केलं होतं, मग पेल्याचं कशावरून नसेल? आपल्या हातांनी काय केलं हे आपल्याला ठाऊक नाही, इतकं माझं डोकं फिरलं होतं. आणि डोळ्यांपुढे ती कडुनिंबाखालची जागा. साहेबांनी नाही म्हटलं तर? तांडा घेणार नाही. माझं मढं पोरं कुठे घेऊन फिरतील?

मंगला एका दुपारी घरी आली. दारातच बसली, आत येईना.

म्हणाली, "आजी, पेला तुमी नेला काय?"

"नाही."

"मंग शेंगा?"

"त्याबी नाही."

ती रडायला लागली. "मीबी मागच्या मईन्यात सांगतलं का बाईच्या घरचं तेल घेतलं. म्या नाही घेतलं आजी. तुमी म्हणलं होतं, लहानसं सांग. आता कोणाचं काही गेलं का माह्यावरच येते नं?"

माझी पिशवी उलटी झाली तेव्हा मला जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. बाप्तिस्म्यानंतर मी पापापासून स्वतःला राखत आले. तांड्याची वाट टाळली, जत्रेत गेले नाही, कोणाच्या अंगाऱ्याला हात लावला नाही. पाप बाहेरून येईल म्हणून दार लावून बसले. आणि पाप माझ्याच तोंडून, प्रार्थनेत, गुडघ्यावर असताना निघालं. देवापुढे मी खोटं बोलले. का? तर समोर साहेब होते. मला देवाचं भय आहे असं मी समजत होते. मला साहेबांचं भय होतं. आणि तेच भय मी या पोरीच्या अंगात घातलं.

पेला सापडला. साहेबांच्या घरीच सापडला. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. चांदीचं पाणी गेलं म्हणून त्यांच्या सुनेनं तो यवतमाळला नवं पाणी द्यायला नेऊन दिला होता आणि सांगायची विसरली होती; दुकानातून परत आला तेव्हा कळलं.

पुढच्या महिन्यातला तयारीचा शनिवार आला. पेला मेजावर चकाकत होता. साहेब उठले. म्हणाले, "प्रभू, आमच्यात थोडा गैरसमज झाला. सगळ्यांनी एकमेकांना क्षमा करावी." आमेन. बाई म्हणाल्या, "माझी प्रीती कमी पडली." आमेन.

मग साहेब माझ्याकडे वळले. "आता तू. तंबाखूचं सांग."

मी उठले. भिंतीला हात लावला. मी शूर वगैरे नव्हते. मला वाटत होतं, इथेच पडेन.

"तंबाखू खातो मी," मी म्हणाले. "ते खरं हाय. लपवलं, तेबी खरं. पण शेंगा म्या तोडल्या नाही. एकबी नाही."

"म्हणजे प्रार्थनेत खोटं बोललीस?"

"हो."

"देवाचं भय नाही का तुला?"

"ते नोतं म्हणून तं खोटं बोलली साहेब. तुमचं होतं."

मी थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. म्हणून थांबले नाही. "माही पिशवी पायरीवर उलटी केली ते कोण सांगते? नाव घेऊन सांगा नं. जसं आमाले सांगा लावता तसं. कुठं, कवा, कोणाशी."

बाई ताडकन उठल्या. त्यांची शहरी बोली गळून पडली. "म्हातारे, कोणाच्या जागेत उभी राहून बोलून राह्यली तू? उद्या तुही माती कुठं नेतीन, याचा तरी इचार कर!"

मी साहेबांकडे पाहिलं. वाटलं, ते म्हणतील, असं बोलू नको. ते मेजावरचा कपडा नीट करत होते.

एवढंच. त्यांनी कपडा नीट केला. माझ्या नवऱ्याशेजारची जागा त्या वेळी गेली हे मला कळलं.

मी म्हणाले, "माती तुमची हाय, ठेवा. माहं पाप मी ज्याले सांगाचं त्याले सांगीन. खोटं पाप आता माह्या तोंडून निघणार नाही." आणि खाली बसले. उठून गेले नाही. मुद्दाम बसले.

माझ्यानंतर मंगलाची पाळी होती. तिनं त्या दिवशीही काहीतरी सांगितलं. नणंदेशी भांडल्याचं. खरं होतं की खोटं, मला माहीत नाही. मी तिला दोष देत नाही. तिला दुसऱ्या दिवशी त्याच वावरात जायचं होतं.

किल्ली त्यांनी माझ्याकडून घेतली. प्रभुभोजन मला अजून देत नाहीत. ताट माझ्याजवळ आलं की पुढे जातं. बायका वाटेत भेटल्या तर रस्त्याच्या त्या बाजूला होतात. मोठा मुलगा म्हणतो, "कायले जातं तिथं? घरी बस नं." भाऊ निरोप पाठवतो की तांड्यात परत ये, देवीपुढे चूक कबूल कर, मग पाहू. तिथेही कबुलीच.

मी कुठेही जाणार नाही. माझा देव मला त्याच प्रार्थनाघराच्या पत्र्याखाली भेटला. ते पत्रे साहेबांचे असतील, देव त्यांचा नाही.

रोज संध्याकाळी दार लावून बसते आणि त्या दिवसाचं खरं तेवढं देवाला सांगते. एखाद्या दिवशी फार असतं, एखाद्या दिवशी थोडं. तंबाखू अजून पूर्ण सुटलेली नाही, तेही सांगते. मरणाचं भेव वाटतं. नरकाचंही वाटतं. मढं कुठे जाईल याचं तर जास्तच वाटतं. हे भेव जाईल असं मला कोणी सांगू नये.

पण शनिवारच्या सभेला मी जाते आणि जाणार. पहिल्या ओळीत बसते. पाळी आली की खरं असेल ते सांगते. नसेल तर उभी राहून म्हणते, "आज काही नाही." साहेब काय म्हणायचं ते म्हणोत.

मंगला माझ्या बाजूला बसते. तिची पाळी येते तेव्हा मी समोर पाहते आणि हात मांडीवर ठेवते. माझं कोपर तिला परत लागणार नाही.