गरम सुईचं गिऱ्हाईक

सावळाराम कंपाउंडर भोरातल्या बड्या मंडळींना वाकून नमस्कार करायचा आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचा. एकोणीस वर्षं दवाखान्यात काढल्यावर त्याला या लोकांचा वीट आला होता. त्यातही पेन्शनीत निघालेले हेडक्लार्क आनंदराव म्हणजे कहर. अंगानं रेड्यासारखे, सकाळी दोन भाकऱ्या आणि वाटीभर तूप खाऊन येणार, आणि वर म्हणणार, "सावळाराम, अशक्तपणा वाटतोय."

त्यांना हवी असायची कॅल्शियमची सुई. शिरेत औषध गेलं की सगळ्या अंगातून ऊन लाट जाते, आणि ती लाट म्हणजेच ताकद अशी भोरातल्या शहाण्यांची पक्की समजूत. जितकं जोरात दाबावं तितकं गरम लागतं. जोरात दाबलं तर काळीज बंद पडू शकतं आणि थेंब शिरेबाहेर गेला तर मांस कुजतं, हे सावळारामनं शंभरदा सांगितलं होतं. "तू आपलं दाब रे," हे त्यावर ठरलेलं उत्तर. डॉक्टर आधी नको म्हणायचे आणि मग भिडेपोटी चिठ्ठी लिहून द्यायचे. डॉक्टरांचाही सावळारामला रागच यायचा.

लढाईचे दिवस होते. पुण्याहून माल येईना. त्या सोमवारी आनंदराव चिठ्ठी घेऊन आले तेव्हा कपाटात या औषधाची एकच कुपी उरली होती.

"साहेब, ही राहू द्या. कुणाला खरी गरज लागेल," सावळाराम म्हणाला.

"मग मी काय गंमत म्हणून येतो?" आनंदरावांनी चिठ्ठी टेबलावर आपटली.

सावळारामनं सुई दिली. घड्याळ लावून, दहा मिनिटं, मुंगीच्या पावलानं. गरम लागलं नाही म्हणून आनंदराव कुरकुरत गेले. त्यांची जिरवल्याचं त्याला बरं वाटलं, एवढाच त्याचा पराक्रम.

दुपारी धरणाकडून बैलगाडी आली. गाडीत बनाबाई नावाची बाई, पदरात अंगावर पिणारं जुळं. तिच्या हातांची बोटं एकमेकांना चिकटून ताठ झाली होती, मनगटं आत वळली होती, आणि श्वास घेताना घशातून कोंबडं आरवल्यासारखा आवाज येत होता.

"सकाळधरनं असंच हाय," तिचा नवरा गेनबा म्हणाला. "म्हातारी म्हनती बाहेरचं हाय. म्या म्हनलं, आधी डाक्तर."

डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं. दोन पोरांना पाजून बाईच्या अंगातलं कॅल्शियम संपलं होतं. पोटात घ्यायची भुकटी तिच्या घशाखाली उतरेना, ठसका लागून बाहेर आली.

"सावळाराम, सुई आण. हळू दिली की पाच मिनिटांत हात उघडतील."

"संपली," सावळाराम म्हणाला. "सकाळी."

डॉक्टरांनी स्वतः कपाट उघडून पाहिलं. चिठ्ठी त्यांचीच होती. सावळारामला आनंदरावांपेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली. कुपी खिशात टाकून खोटं बोलायला कितीसं धाडस लागलं असतं?

तीनच्या सर्व्हिस मोटारीनं तिला पुण्याला पाठवलं. डॉक्टर स्वतः बरोबर गेले. खेड-शिवापूरच्या आसपास तिचा घसा मिटला, तो उघडलाच नाही. पोरं गेनबाच्या बहिणीनं नेली.

गुरुवारी पुण्याहून खोकं आलं. बारा कुप्या. शुक्रवारी सकाळी आनंदराव हजर, बाही वर करून स्टुलावर बसलेले.

"सुई मिळणार नाही," सावळाराम म्हणाला.

"का?"

"सोमवारी तुम्ही घेतलीत ती बनाबाईची होती. धरणाकडची. ती मेली."

एवढं मोठ्यानं तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला. बाहेर बाकावरची माणसं दारातून डोकावू लागली.

"अरेरे," आनंदराव म्हणाले. त्यांनी बाही खाली केली नाही. मग विचारलं, "पण आता माल आलाय ना?"