लुणीच्या वाळूत

वसुधा मंगळवारी गेली. सकाळी तिने जीप धुतली, दुपारी तिला दवाखान्यात नेले, संध्याकाळी मी घरी आलो.

जीप फाटकाशी उभी होती आणि पुढे कित्येक महिने तशीच उभी राहिली. आमच्या घरात गाडी चालवणारी ती आणि डाव्या हाताला बसून वाचणारा मी, अशी विभागणी लग्नापासूनच झाली होती आणि त्या विभागणीविषयी दोघांचीही तक्रार नव्हती. ती भूशास्त्र शिकवायची. विद्यार्थ्यांना घेऊन खाणी आणि नाले हिंडायची. उंचीने लहान, म्हणून सीट अगदी पुढे ओढलेली, छाती जवळजवळ स्टिअरिंगला टेकलेली. तू गाडी चालवतेस की शिवणयंत्र, असे मी तिला विचारीत असे. ती गेल्यावर ती सीट तिथेच राहिली. उन्हाने तापलेल्या रेक्झिनचा, धुळीचा आणि वाळलेल्या संत्र्याच्या सालींचा मिश्र वास त्या बंद गाडीत साठून राही, आणि कलत्या दुपारी मी माझ्या नेहमीच्या जागी जाऊन पुस्तक उघडून बसे. उजवीकडे पाहिले की ती नुकतीच उतरून काही आणायला गेली असावी, इतकेच अंतर सीट आणि स्टिअरिंगमध्ये दिसे. तेवढे अंतर मला जपायचे होते. बॅटरी बघायला आलेल्या मेकॅनिकलाही मी सांगितले, सीट हलवू नका. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि बाहेर उभा राहूनच आत हात घालून चावी फिरवली.

वसुधाची एक इच्छा राहून गेली होती. आमचा मुलूख काळ्या दगडाचा. नागपुरात विहीर खणा की पाया खणा, खाली काळा पाषाण. हा दगड तरुण आहे, ती म्हणायची, पोरसवदा. खरा म्हातारा पाहायचा तर मारवाडात जायला हवे, जिथे वाळवंटातून लाल डोंगर वर आले आहेत. तेही आपल्यासारखेच आगीतून जन्मले, पण इतके पूर्वी की तेव्हा पाहायला गवतसुद्धा नव्हते. असे ती स्वयंपाक करता करता सांगे, आणि फोडणी जळे.

माघात काटोलहून तिची धाकटी बहीण शैला आली. मृगबहाराची संत्री उतरायला लागली होती आणि तिने सवयीने पेटी आणली होती. बागेतला ट्रॅक्टर तीच चालवते. पेटी ओसरीवर ठेवून ती जीपभोवती एक चक्कर मारून आली आणि पाणी पिण्याआधीच म्हणाली, "भाऊजी, ताईचे लाल डोंगर पाहाले जाऊ. गाडी मी चालवतो. तुम्ही काही बोलू नका." आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी बोलताना कधीकधी असे पुरुषासारखे बोलतात, आणि तसे बोलल्या की वाद संपतो. ती ताईच्याच उंचीची. दार उघडून ती बसली ती नेमकी बसली. काहीही हलवावे लागले नाही.

तिचा नवरा प्रकाश मागे बसला, तंबू, भांडी आणि संत्र्यांच्या दोन पेट्यांच्या मध्ये. सहा फुटांचा गडी. गुडघे हनुवटीशी घेऊन सातपुडा ओलांडला. त्याने भोपाळपासून विनवण्या सुरू केल्या, थोडी मला दे, तू थकलीस, आणि शैला दर वेळी नवे कारण काढी: तुम्ही गाणे म्हणता, तुम्हाला ट्रकवाल्यांशी भांडायची हौस, तुमचा चष्मा जुना. चंबळेच्या अलीकडे त्याने शेवटचा प्रयत्न केला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही संत्री सोला." आणि तो बापडा उदयपूरपर्यंत संत्री सोलत राहिला. सालींच्या तिखट-गोड वासात आम्ही वाळवंटात शिरलो.

मारवाडातल्या सिवान्याच्या बाजूला डांबरी रस्ता सोडला आणि ते डोंगर दिसले. पुस्तकातल्या लाल रंगाची मी कल्पना केली होती. पण हा लाल रंग एक नव्हता. सकाळी तो कच्च्या विटेचा होता, माध्यान्ही फिका पडून जणू राखेखाली गेला, आणि सूर्य उतरू लागताच आतून कुणी फुंकर घालावी तसा निखाऱ्यासारखा फुलून आला. दगडांच्या राशी माणसाने रचाव्यात तशा एकावर एक ठेवलेल्या, त्यांच्या फटींतून निवडुंगासारखा थोर, पायथ्याशी तांबूस वाळू, आणि त्या वाळूवर वाऱ्याने काढलेल्या बारीक, समांतर रेषा. रस्ता म्हणजे आधी गेलेल्या चाकांचे दोन चर. शैला त्यातून जीप अशी न्यायची की मला पान उलटता येई. वाटेत खेजडीची झाडे लागली. त्या विरळ, काटेरी, शांत झाडाची शमी म्हणून ओळख पटायला वेळ लागला, कारण आपल्याकडे दसऱ्याला आपण शमीची गोष्टच अधिक सांगतो, झाड क्वचित पाहतो. इथे ते धुळीत उभे राहून शेळ्यांना खाऊ घालत होते.

मुक्काम एका डोंगराच्या कुशीत केला. प्रकाशने तंबू ठोकला आणि मग शैलाने वाळलेले शेण गोळा करून आर लावला, कारण उघड्यावरच्या पहिल्या मुक्कामी रोडगे झालेच पाहिजेत असा त्यांच्या घरचा दंडक आहे. कणकेचे गोळे निखाऱ्यांत पुरले, पातेल्यात वांग्याची भाजी रटरटू लागली, आणि त्या वासाने एक वृद्ध मेंढपाळ मेंढ्या बसवून आमच्याकडे आला. लाल फेटा, पांढऱ्या मिशा. राखेतून निघालेला रोडगा त्याने हातावर झेलला, फोडला, हुंगला आणि हिंदीत निर्णय दिला की ही बाटी आहे. शैलाने सांगितले, बाबा, हा रोडगा आहे. तो म्हणाला, बेटी, बाटी आहे, फक्त बिघडलेली. मग दोघांचा चुलीशेजारी बराच वाद झाला. कोणत्या पिठाने, किती आचेने, तुपात बुडवून की वरून सोडून. वाद चालू असताना त्याने चार बिघडलेल्या बाट्या खाल्ल्या. प्रकाश इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसलो, आणि हसू संपल्यावर माझ्या लक्षात आले की हसण्याआधी मी उजवीकडे पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुणी नदी ओलांडायची होती. नदी नावापुरतीच. पाणी पावसाळ्यापुरते, एरवी रुंद, कोरडे, मऊ वाळूचे पात्र. मध्यावर जीपची मागची चाके रुतली. शैलाने फोर बाय फोर टाकले, चाकांतली हवा कमी केली, रुईचे फाटे खाली घातले. गाडी दमल्या बैलासारखी आणखी बसली. मागून तिघांनी रेटणे भाग होते. कालचा मेंढपाळ मेंढ्या घेऊन पात्रातूनच येत होता, तो बाही सारून उभा राहिला. माझ्या कमरेत चकती सरकलेली. मला डॉक्टरांनी बादली उचलायलाही मनाई केली आहे. म्हणजे स्टिअरिंगवर मी.

मला गाडीची सगळी माहिती होती. तिचे माहितीपुस्तक मी वसुधाला वाचून दाखवले होते, क्लच आणि गिअर यांचे नाते मला समासासारखे पाठ होते. परंतु चढून बसलो तेव्हा गुडघे स्टिअरिंगखाली अडकले आणि क्लचपर्यंत पाऊल जाईना. प्रकाश मागून म्हणाला, "अवं, सीट मागं घे न त्यायची."

शैला दाराशी उभी होती. ती वाकली, सीटखालच्या दांडीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून वर माझ्याकडे पाहू लागली. चेहरा वाळूने माखलेला, ओठ कोरडे.

"घेऊ?" तिने विचारले.

नाही म्हणता आले असते. पलीकडच्या गावातून ट्रॅक्टर मागवता आला असता, आणि मग मी घरी जाऊन पुन्हा फाटकाशी त्या अंतराशेजारी बसलो असतो. समोर लाल डोंगर उन्हात हळूहळू फिके होत होते. हाच काय तो म्हातारा दगड, मला वाटले. हाही एकदा वितळलेला होता.

"मीच घेतो," मी म्हणालो.

दांडी घट्ट बसली होती. दोनदा ओढली तेव्हा सीट खडखडत मागे गेली, पार टोकापर्यंत, आणि माझ्या पायांपुढे एकदम पुष्कळ जागा झाली.

पुढचे वर्णन करण्यासारखे नाही. इंजिन तीनदा बंद पडले. चौथ्यांदा चाकांनी उडवलेली वाळू मागच्या तिघांच्या अंगावर अशी गेली की मेंढपाळाच्या मिशा फेट्याच्या रंगाच्या झाल्या. आणि मग अचानक जीप उसळली, सुटली आणि चालू लागली. वाळूत थांबली की पुन्हा रुतेल, हे मला पुस्तकातून ठाऊक असल्याने मी थांबलोच नाही. आरशात शैला धावताना दिसत होती, ओढणी हातात घेऊन, तोंडाने काही सांगत. पलीकडचा काठ चढून मी एका खेजडीपाशी कसाबसा थांबलो तेव्हा ती येऊन पोहोचली.

"थांबा जी आता," ती धापा टाकत म्हणाली. "नदी संपली कवाचीच."

डावीकडे माझ्या जागेवर ती बसली आणि पाय समोर टाकले. मागून प्रकाश येत होता, नखशिखान्त तांबडा, मेंढपाळाच्या खांद्यावर हात टाकून. त्याच्याकडे पाहत ती म्हणाली, "तीन राज्यं एकटीनं हाणली मी. ह्यायले हात लावू नाही देल्ला. बसले असते तर पहिले सीटच मागं घेतली असती." मग डोळे मिटून म्हणाली, "आता झोपू द्या मले."

चंबळ, उदयपूर, संत्री, चष्मा, गाणी: सगळी कारणे मला एकामागून एक आठवली. त्या अंतराचा पहारेकरी मी एकटाच आहे, असे मी समजत आलो होतो. ती झोपली होती. मी तिच्या बाजूची काच वर केली.

परत येताना प्रकाशने गाडी चालवली, गाणी म्हणत.

मी आता गाडी चालवायला शिकलो आहे. परवाना आहे. रविवारी काटोलला जातो, सावकाश. मागचे लोक हॉर्न वाजवतात. शैला नागपुरात आली की जीप घेऊन बाजारात जाते, तेव्हा सीट पुढे घेते. ती गेली की मी मागे घेतो. वसुधाच्या सीटची नेमकी खाच कोणती होती, हे आता आम्हा दोघांनाही सांगता येत नाही. सीटच्या रुळात लुणीची वाळू आहे.