सॉफ्ट डाएट म्हणजे गुरगुट्या भात

“डंपिंग है,” इमर्जन्सीतला डॉक्टर म्हणाला.

दिल्लीत डंपिंग म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो शहराच्या कडेचा कचऱ्याचा डोंगर, वर घारी घिरट्या घालतात तो. मी स्ट्रेचरवर आडवा, घामानं चिंब, हातात ग्लुकोजची सुई. मनात म्हटलं, इतका वाईट दिसतोय का मी?

“डंपिंग सिंड्रोम,” त्यानं पुरं केलं. म्हणजे असं : वजन कमी करण्याच्या ऑपरेशनमध्ये पोट अंड्याएवढं करून थेट आतड्याला जोडतात. त्या पोटात गोड किंवा पिठूळ काही पडलं की ते तिथं थांबत नाही. डंपरनं पाठ वर करून वाळू ओतावी तसं ते धाडकन आतड्यात जातं. मग छाती धडधडते, पोटात कळ येते, घाम फुटतो. साखर आधी चढते आणि दोन-एक तासांनी अशी कोसळते की माणूसही तिच्याबरोबर कोसळतो. मी दिवाणखान्यात कोसळलो होतो, टीव्हीसमोर.

“क्या खाया था?”

“सॉफ्ट डाएट,” मी म्हटलं. अगदी खरं सांगितलं.

“सॉफ्ट में क्या?”

इथं मी अडकलो. एकोणतीस वर्षं केंद्र सरकारच्या फायलींवर हिंदी-इंग्रजीत टिपणं लिहिली, पण या शब्दाला दोन्हींत काही सापडेना. शेवटी म्हणालो, “गुरगुट्या.”

डॉक्टरनं पेन थांबवलं. “ये कौन-सी दवा है?”

माझी मुलगी सई शेजारीच उभी होती. तिचा जन्म दिल्लीचा, मराठी घरापुरतं. तीही म्हणाली, “बाबा, गुरगुट्या म्हणजे?”

त्या खोलीत हा शब्द ठाऊक असलेलं आणखी एकच माणूस होतं. माझी आई. वय एकोणऐंशी. ती पर्स पोटाशी धरून भिंतीला टेकली होती आणि फरशीकडे बघत होती.

*

हे लिहितोय ते अशा लोकांसाठी, ज्यांचं हे ऑपरेशन झालंय किंवा होणार आहे. मोठे डॉक्टर सगळं नीट सांगतात. पण आपण ऐकतो काय, हे त्यांना माहीत नसतं.

माझं वजन होतं एकशे एकतीस किलो. डायबेटिस होता, गुडघे कुरकुरत होते, आणि झोपेत श्वास अडकायचा. त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. मी घोरताना मधेच गप्प झालो की मेधा, माझी बायको, कोपरानं ढोसून खात्री करून घ्यायची की मी आहे.

वजनाचा दोष मी कोणाला देणार? हिवाळ्यात आमच्या ऑफिसबाहेरच्या हिरवळीवर ऊन पडायचं. जेवणाच्या सुट्टीत अख्खा सेक्शन तिथं पसरायचा. कोणाच्या डब्यात मुळ्याचे पराठे, कोणाकडे राजमा-चावल, आणि फाटकाबाहेर सायकलवर छोले-कुलचे. मी सगळ्यांच्या डब्यांत राष्ट्रीय एकात्मता राखायचो. वर शेंगदाणे, संत्री. साहेब लोक बोलावायला आले तरी अर्धा तास कोणी उठायचं नाही. ते ऊन अजून आठवतं. त्या सेक्शनमधले बरेच जण निवृत्त झाले, माझ्या कमरेवर त्यांची आठवण राहिली.

ऑपरेशनचं नाव गॅस्ट्रिक बायपास. ते सुरळीत झालं. सर्जनसाहेब चौथ्या दिवशी घरी सोडताना म्हणाले, “पेट हमने बना दिया. आदत आपको बनानी है.” मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

मग आहाराचे टप्पे. आधी नुसतं पाणी आणि गाळलेलं सूप, मग दूध-ताक, मग मिक्सरमधून काढलेलं, आणि पाचव्या आठवड्यापासून सॉफ्ट डाएट, म्हणजे मऊ आहार. डाएटिशियन मॅडमनी कागद दिला होता : पनीर, अंडं, दही, शिजलेली डाळ. “पहले प्रोटीन, अंकल. हमेशा पहले प्रोटीन.” प्रोटीन म्हणजे शरीराची झीज भरून काढणारं अन्न. तेवढ्याशा पोटात आधी भात-पोळी गेली तर त्याला जागाच उरत नाही. कागद फ्रिजवर लावला.

आईनं चष्मा लावून तो वाचला. इंग्रजी तिला जुजबी येतं. बोट “सॉफ्ट” या शब्दावर थांबलं.

“सॉफ्ट म्हणजे मऊ ना रे, शिऱ्या?”

माझं नाव श्रीकांत. आई मला शिऱ्या म्हणते. वजनाचं भविष्य बारशातच ठरलं होतं.

“हो, मऊ.”

“मग एवढा मोठा कागद कशाला? गुरगुट्या भात म्हणायचं की सरळ!”

यार, काय सांगू. तो शब्द ऐकला आणि पन्नाशी उलटलेला मी एकदम सात वर्षांचा झालो.

आमचं तेव्हाचं घर म्हणजे सरकारी क्वार्टर, दोन खोल्या. जानेवारी, खिडकीबाहेर धुकं, मी रजईत तापानं फणफणलेला. आई कराडहून ट्रंकेतून आणलेला आंबेमोहर छोट्या पितळी पातेलीत शिजवायची. भरपूर पाणी, कणी न् कणी फुटेपर्यंत, मग डावानं घोटायची. त्यावर तूप, मेतकूट, ताटलीच्या कडेला लिंबाचं गोड लोणचं. शेजारची सरदारीणकाकू पंजाबीत विचारायची, “काके नूं की खिला रहे हो?”, म्हणजे बाळाला काय भरवताय, आणि आई ठसक्यात सांगायची, “हमारा चावल है. दवाई है.” भात खाऊन मी झोपायचो. तासाभरानं कपाळावर घाम फुटायचा. आई तो पदरानं टिपायची आणि म्हणायची, “सुटला घाम! भात लागू पडला.”

ताप उतरल्याचं श्रेय डॉक्टरच्या गोळीला आमच्या घरात कधी मिळालं नाही.

*

तर कट असा शिजला, आणि भातही.

मेधा शाळेत शिकवायला जाते, सई कॉलेजला. मी मेडिकल लीव्हवर. अकरा वाजता दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सातव्या मजल्यावरच्या घरात आम्ही दोघंच, आई आणि मी. पहिल्या दिवशी दोन चमचे. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी अर्धी वाटी. मेधा जाताना डब्यात काढून ठेवायची ते पनीर मी सोसायटीच्या मांजरीला घालायचो. तिचं प्रोटीन उत्तम चाललं होतं.

मॅडमचा फोन आला. “सॉफ्ट ले रहे हैं ना?”

“बिल्कुल!”

“प्रोटीन?”

“एकदम टाइम पे.” मांजरीची वेळ मी खरंच चुकवली नव्हती.

हळूहळू भातानंतर अंग जड व्हायला लागलं. छाती धडधडायची, डोळे मिटायचे, आणि कपाळावर घाम.

आता तुम्ही शहाणे असाल तर इथं डॉक्टरला फोन कराल. आम्ही काय केलं? आईनं पदरानं कपाळ टिपलं आणि तिचा चेहरा उजळला. “सुटला घाम! बघ, भात लागू पडतोय.”

आणि माझाही विश्वास बसला. खोटं कशाला बोलू, मला तो घाम आवडायला लागला होता. पन्नास वर्षांनी कोणीतरी पदरानं कपाळ टिपत होतं.

अकराव्या दिवशी आई म्हणाली, “अशक्त दिसतोस. आज गूळ घालते.” गूळ, तूप, गुरगुट्या. वाटीभर. मी वाटी चाटूनपुसून ठेवली. अर्ध्या तासात पोटात मुरडा, धडधड, दोनदा बाथरूम. मग जरा बरं वाटलं. आई म्हणाली, “निचरा झाला.” दीडच्या सुमारास मी टीव्हीसमोर बसलो, बातम्या देणारीचे दोन चेहरे दिसायला लागले, हात थरथरले, आणि पुढचं आठवत नाही.

नंतर कळलं की आईनं इंटरकॉमवर गार्डला सांगितलं, “भैया, मेरा लडका गिर पडा!” दोन गार्ड लहान मूल शोधत वर आले. एकशे अकरा किलोंचा लडका उचलायला आणखी दोघं बोलवावे लागले.

*

तर इमर्जन्सीत सई विचारत होती, गुरगुट्या म्हणजे?

“भात,” आई फरशीकडे बघत म्हणाली. मग डॉक्टरकडे वळली. “मैंने दिया. रोज दिया. इसका कुछ दोष नहीं.”

माझा दोष नव्हता हे आयुष्यात पहिल्यांदा कोणी म्हणत होतं, आणि तेही नेमकं साफ खोटं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात डाएटिशियन मॅडम आल्या. वयानं सईपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. मी चेहरा पाडून सगळं कबूल केलं, मांजरीसकट. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी माझे केस पाहिले, उशीवर पडलेले. “ये प्रोटीन की कमी है. और वो पसीना बुखार उतरने का नहीं था, अंकल. शुगर उतरने का था.”

मेधा खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. मॅडम गेल्यावर ती एवढंच म्हणाली, “अहो, मांजरीचं पण सांगितलं असतंत तर तिच्यासाठी वेगळं ठेवलं असतं.” मग उठून पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

दोन दिवसांनी घरी आलो. नियम कडक झाले. जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं, घास पातळ होईपर्यंत चावायचा, जेवताना पाणी नाही, आधी प्रोटीन. पनीर मेधा समोर बसून खायला लावायची. मांजर दारात येऊन मला शिव्या देऊन जायची.

पण घरात दुसरंच काहीतरी बिघडलं होतं. चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं, आई भात घेत नाही. ताटात अर्धी भाकरी, थोडी भाजी.

“आई, भात?”

“सोडला.”

“म्हणजे?”

“सोडला म्हणजे सोडला. काशीला जाऊन लोक काहीतरी सोडतात ना. मी द्वारकेत सोडला. ज्या हातानं तुला घातला, त्या हातानं मी खाणार नाही.”

मेधानं समजावलं. सईनं “आजी, प्लीज यार” करून पाहिलं. आई ढिम्म. दात नसलेल्या म्हातारीनं भाकरी किती चावायची? महिन्याभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. घरात वजन कमी करण्याचा पगार मी घेत होतो आणि काम आई करत होती.

फॉलो-अपला मी तिला बरोबर नेलं. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची आईजवळ ओढली.

“माताजी, चावल दुश्मन नहीं है. पहले नंबर पे आया, और ज्यादा आया, इसलिए गडबड हुई. तीन महीने बाद इनको दो चम्मच दीजिए. प्रोटीन के बाद. बहुत घोटा हुआ नहीं, दाना दिखना चाहिए. गुड़ बिल्कुल नहीं.”

“मैं दूँ?” आईनं विचारलं.

“आप ही दीजिए.”

गाडीत आईनं पर्स मांडीवर नीट ठेवली. मग म्हणाली, “तुझं उष्टावण इथंच दिल्लीत, हिंदूराव भागात झालं होतं, माहितीय? तेव्हा आपण तिथं भाड्यानं राहायचो. मामा कराडहून आला होता चांदीची वाटी घेऊन. तू एक घास खाल्लास आणि वाटीच ओढलीस.”

उष्टावण म्हणजे बाळाचा पहिला भात, मामाच्या मांडीवर बसून. हे घरी आल्यावर सईला सांगावं लागलं.

*

तीन महिने मी शिस्तीत काढले. अगदीच शिस्तीत नाही, एकदा ऑफिसात कुलच्याच्या वासाला पाच मिनिटं उभा राहिलो, पण वासात कार्बोहायड्रेट नसतं असं मी विचारून घेतलं होतं.

ठरलेला रविवार आला. मेधानं मुगाची उसळ आणि पनीर केलं. आईनं आंबेमोहर शिजवला, दाणा दिसेल असा. दोनदा सईला बोलावून दाखवला, “हा बघ, हा दाणाच ना?” ती जुनी चांदीची वाटी चिंचेनं घासून ठेवली होती. मामा आता नाही, म्हणून आईच समोर बसली. मांडीवर बसायची सोय अजून नव्हती, मी अठ्ठ्याण्णव किलो होतो.

आधी पनीर आणि उसळ, वीस मिनिटं. मग आईनं चमचा पुढे केला. भात, वर थेंबभर तूप, चिमूटभर मेतकूट.  मी घास तोंडात धरून ठेवला, गिळायची घाई केली नाही. आयुष्यात मी इतकं हळू कधी खाल्लं नव्हतं. लहानपणी भाताची चव तुपाची वाटायची. आता कळलं, तांदळाला स्वतःचा वास असतो.

दुसरा चमचा. बस.

सईनं फोनवर अर्ध्या तासाचा टायमर लावला. तिघीही माझ्या कपाळाकडे बघत बसल्या. इतकं लक्ष माझ्याकडे लग्नातही कोणी दिलं नव्हतं.

टायमर वाजला. तरी आई हलली नाही. “साखर नंतर पडते म्हणाली होती ती मॅडम.” मग दीड तास आणखी. मेधानं पेपर वाचला, मी डुलकी काढली, सईनं नाडी मोजली. दोन तास झाले तेव्हा आई उठून माझ्याजवळ आली आणि पदराचं टोक माझ्या कपाळावर दाबलं. उजेडाकडे धरून पाहिलं.

“कोरडा आहे,” ती म्हणाली.

मग तशीच स्वयंपाकघरात गेली. पातेलीचं झाकण वाजलं. ती परत आली तेव्हा ताटलीत उरलेला गार भात होता, वर मेतकूट, कडेला लिंबाचं गोड लोणचं. माझ्या शेजारी बसून ती जेवायला लागली.

“शिऱ्या,” दुसऱ्या घासाला ती म्हणाली, “दाणा फार राहिलाय हं. मला नाही चावत. उद्या माझ्यापुरता गुरगुट्या करीन.”