साडूचा चौथा प्रोसेसर

चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत फ्रिजएवढा जुना युनिक्स सर्व्हर होता. कुठल्याशा कारखान्यानं भंगारात काढलेला. आत चार प्रोसेसर, प्रत्येक आपापल्या बोर्डावर, चौघांनी मिळून एकच गाडा ओढायचा. चष्मेवाल्यानं काळवंडलेल्या पिना घासल्या, मेलेली बॅटरी बदलली, त्यावरची जुनी युनिक्स प्रणाली पुन्हा चढवली. पण चालू केल्यावर पडद्यावर प्रोसेसरांचा आकडा यायचा तीनच. चौथं बोर्ड कायमचं गेलेलं, आणि तसलं दुसरं शोधून मिळेना.

हे दुःख त्यानं गिळलंही असतं. पण साडूकडे तस्साच सर्व्हर होता, आणि तिथं चार यायचे. साडू दातांचा डॉक्टर. ह्याचं बघूनच नाद लागलेला, स्क्रू ड्रायव्हर चमच्यासारखा धरणारा. बायको बहिणीची ख्यालीखुशाली सांगू लागली की चष्मेवाला मध्येच विचारी, "त्यांचे अजून चारच येतात का?"

एक दिवस साडूचा फोन आला, तीनच येतायत, जरा बघून जा. चष्मेवाल्यानं दुकानाचं शटर ओढलं. इतक्या लगबगीनं तो स्वतःच्या लग्नालाही गेला नव्हता.

झाकण काढताच त्याला कळलं. साडूनं धूळ झाडायला बोर्ड काढलं होतं आणि परत बसवताना स्क्रू पुरते आवळले नव्हते. पिना टेकतच नव्हत्या. दोन पिळांचं काम.

त्यानं बोर्ड उपसून उजेडात धरलं, एक्स-रे बघावा तसं, आणि मान हलवली. "गेलं हो, साडूभाऊ."

"मुळापासून?"

"मुळापासून."

मग तुम्हीच घेऊन जा, सुटे भाग तरी कामी येतील, असं म्हणत साडूनं ते स्वतः कागदात गुंडाळून दिलं.

घरी बोर्ड बसलं, स्क्रू आवळले गेले, पडद्यावर चार आले. चष्मेवाला ताडकन उठला. पण सांगणार कुणाला? बायकोला तीन काय नि चार काय, पंख्यांची घरघर तेवढीच. ह्या चाराची किंमत कळणारा गावात एकच माणूस, आणि त्यालाच सांगायची सोय नव्हती.

आता साडू यायचा असला की चष्मेवाला आधी चौथं बोर्ड काढून फ्रेमांच्या खोक्यात दडवतो, मग मशीन चालू करतो. दोघं शेजारी बसून तीन मोजतात.

"चला, आपण सारखेच झालो," साडू पाय पसरून म्हणतो.

आणि चष्मेवाल्याच्या पोटात पुन्हा दुखू लागतं. ह्या माणसाला तिनातही एवढं सुख मिळतं तरी कसं?