कीथच्या कानामागची तीट

रविवारची दुपार आहे. वरण-भात जरा जास्तच झालाय आणि हीटरची ऊब आता पायांपर्यंत आली आहे. मांडीवर कागद आहे. त्यावर 'कीथ हा' एवढं लिहून झालंय आणि गेला पाऊण तास पुढचं काही सुचलेलं नाही. उद्या अकरा वाजता त्याच्यासाठी शोकसभा आहे, कॉव्हेंट्रीतल्या ज्या क्लबात आमचा बँड पहिल्यांदा वाजवायला उभा राहिला, त्याच्याच वरच्या हॉलमध्ये. मला दोन मिनिटं बोलायचंय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. माझ्याकडे त्याच्याबद्दल आहे ती सगळी जळजळ, आणि ती माइकवर सांगायची सोय नाही.

पापण्या जड होतात. पेन बोटांतून घसरतं आणि उचलायचा कंटाळा येतो.

"काहून वं शैले, झोपून राहिली का?"

समोरच्या खुर्चीत कीथ पेंड्री बसलाय. आमच्या 'टिन वेन्सडेज'चा गायक. जाऊन एकवीस दिवस झालेत, पण बसलाय तो तेवीस वर्षांचा होऊन. मोठ्या खांद्यांचा राखाडी सूट, कपाळावर आलेली झुलपं, डोळ्यांत काजळ. मी मात्र चौसष्टचीच, गुडघ्याला पट्टा बांधलेली. आणि हा बोलतोय चक्क वऱ्हाडी! जिवंतपणी याला 'मीठ दे' आणि 'अजून एक पोळी' यापलीकडे मराठी येत नव्हतं. माझं मराठी पुस्तकी, शनिवारच्या वर्गात गिरवलेलं. याचं अस्सल अमरावतीचं. संताप होणार नाही तर काय?

"कुठं शिकलास?" मी विचारते.

"आईजवळ. तिकडं वेळच वेळ हाय."

"माझी आई."

"हाव, तुहीच माय. मी कुठं नाई म्हनतो?"

आईला जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत ती एकदाही माझ्या स्वप्नात आलेली नाही. याला मात्र शिकवायला बसते.

खुर्ची तीच आहे, पण खोली आता आईच्या स्वयंपाकघराची झाली आहे. ओट्यावर एरंडेलाचा दिवा जळतोय, त्यावर उपडं धरलेलं तांब्याचं ताट, आणि ताटाला काजळी धरते आहे. त्या काळी गाणारे पोरगे डोळे रंगवत. कीथ दुकानातली पेन्सिल लावायचा आणि दिव्यांखाली उभा राहिला की डोळ्यांतून घळाघळा पाणी. आईनं ते पाहिलं आणि त्याच्यासाठी घरी काजळ पाडायला लागली. कार्यक्रमाला निघताना ती डबी उघडायची, त्याच्या डोळ्यांत काजळ घालायची आणि बोटावर उरलेल्या काजळाची तीट त्याच्या उजव्या कानामागे लावायची. "इतका देखना पोरगा, दृष्ट लागन एखाद्याची."

मी एकदा माझा कान पुढे केला होता.

"तुले कोन दृष्ट लावते?" आई हसून म्हणाली आणि डबी मिटली.

हे सगळं मी कीथला सांगतेय की नुसतं मनात म्हणतेय, कळत नाही. तो ऐकतो आहे.

ओट्याशेजारचं दार उघडून आम्ही बाहेर पडतो. बाहेर परसदार नाही, टीव्ही स्टुडिओ आहे. सन ब्याऐंशी. दारातल्या दुधाच्या बाटल्यांवर केलेलं आमचं गाणं देशात चौथ्या नंबरवर आहे. प्रत्यक्षात कुणी काही वाजवायचं नाही, मागे रेकॉर्ड लावतात आणि आपण नाटक करायचं. माझ्या कीबोर्डची वायर कशातच खोचलेली नाही, जमिनीवर पडली आहे. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी तो कार्यक्रम पाहिला. कीथ दिसला तीन मिनिटं. माझे हात दिसले दोनदा. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुझ्या बांगड्या छान होत्या हं."

"पाह्य, तुहे हात," कीथ पडद्याकडे बोट दाखवतो. "मस्त चालून राहिले."

"गप्प बस."

"बरं."

स्टुडिओतला टाळ्या वाजवणारा घोळका हळूहळू खुर्च्यांवर बसतो आणि म्हातारा होत जातो. कुणी स्वेटर विणतंय, कुणी चिप्सवर व्हिनेगर शिंपडतंय. समुद्रकाठच्या सुट्टीच्या कँपातला हॉल आहे हा. सन सत्त्याऐंशी. टीव्हीवरच्या त्या कार्यक्रमानंतर पुढच्याच आठवड्यात गाणं चारवरून एकोणिसावर आलं होतं. दुसरी रेकॉर्ड कुणी घेतली नाही. ड्रमर गेला, त्याच्या जागी ड्रम वाजवणारं यंत्र आलं, मग यंत्रही परत द्यावं लागलं. शेवटी आम्ही दोघं इथं, तंबोल्याच्या दोन डावांच्या मध्ये वाजवायला. एक म्हातारी ओरडते, "जरा हळू लावा, आकडे ऐकू येत नाहीत."

"मजा यायची इथं," कीथ म्हणतो.

"मजा? मी रोज रडायचे."

"कायले?"

आता सांगावंच लागणार. हा गेलाय, मी झोपले आहे, यापेक्षा चांगली वेळ यायची नाही.

"स्टुडिओतला बोळ आठवतो? कार्यक्रमाच्या आधी?" मी म्हणते. "मी तुला म्हटलं, थांब, कानामागे काही लागलंय. अंगठ्याला थुंकी लावली आणि पुसलं. ती आईनं लावलेली तीट होती. मला माहीत होतं. मी मुद्दाम पुसली."

मागे आकडे पुकारले जातायत, बावीस, सात, एकोणीस हा आकडा दोनदा.

"तुला माझीच दृष्ट लागली, कीथ. बँड बुडाला तो माझ्यामुळे."

बेचाळीस वर्षं हे मी कुणाला सांगितलेलं नाही. अपराधी वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण त्यात थोडा माजही होता. एवढा मोठा बँड मी एका अंगठ्यानं पाडला, हे दुसऱ्या कुणाला जमलं असतं?

"मले वाटलं, तू लाडानं पुसलं," कीथ म्हणतो.

"काय?"

"त्याच्या आंदी तू मले कधी हात लावला होता वं? पाच वर्सं संगं वाजवलं, एकदा खांद्यावर हात ठेवला नाई. त्या दिवशी पयल्यांदा. मी एवढा खुश झालो ना, त्या दिवशी कॅमेऱ्यापुढं नाटक नाई केलं. खरंच गायलो. आवाज कोनाले जाऊन नव्हता राहिला, तरी गायलो."

"मग बँड?"

"लोकायले दुसरी गानी आवडली. बस. दर वर्षी कोनाची तरी उतरतात."

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाई वं."

हे ऐकून हलकं वाटायला हवं. मला राग येतो. माझं म्हणून आयुष्यात एक मोठं पाप होतं, तेही यानं घेतलं आणि त्याचं गाणं करून टाकलं. आणि तरी मी रडते आहे. त्याच्या पेटंट हसण्यावर मी किती जळले, आणि तो माझ्या अंगठ्यावर खुश होता.

"उद्या काय बोलशीन माह्याबद्दल?" तो विचारतो.

"तू चांगला होतास म्हणून सांगेन."

"ते तर सगळेच सांगतीन. तू दुसरं काई सांग." मग तो पुढे वाकतो. "थांब, तुह्या कानामागं काई लागलं."

त्याचा अंगठा थंड आहे. तो चोळतो, एकदा, दोनदा, जरा जोरातच. हॉलमध्ये कुणीतरी डाव जिंकल्याचं ओरडतं.

मी जागी होते. चार वाजायला आलेत. कागद पायाशी पडलाय. पहिल्यांदा मी माझा अंगठा बघते, तीट पुसलेला. स्वच्छ आहे. निदान थोडा काळा तरी असायला हवा होता, असं वाटून मला चक्क वाईट वाटतं.

मग उजवा कान जाणवतो. हुळहुळतोय. न्हाणीघरातल्या आरशासमोर हातात छोटा आरसा धरून, मान वळवून बघते. कानामागची कातडी लालभडक झाली आहे, कुणी चोळून चोळून काही काढावं तशी. झोपले होते ती डाव्या कुशीवर नाही, उजव्या कुशीवर नाही, खुर्चीत बसल्या बसल्याच, कान कशाला घासलाच नव्हता. कितीतरी वेळ मी ती जागा बोटानं दाबून उभी राहते.

परत येऊन 'कीथ हा' खोडते आणि खाली लिहिते, 'मी कीथवर बेचाळीस वर्षं जळले, आणि त्याला ते प्रेम वाटलं.'

मोठ्यानं वाचून बघते. बरं आहे. पण तो असता, तर हेच वाक्य त्यानं माझ्यापेक्षा छान म्हटलं असतं.