चहानंतर होणारं बिल्ड

तीन माणसांचं ऑफिस, पण किस्से तीसजणांना पुरून उरतील इतके! रत्नागिरीच्या मारुती आळीत दोन खोल्या, साल दोन हजार दोन. लिमये सर, मी, आणि ऑफिस उघडण्यापासून बंद करण्यापर्यंत सगळं बघणारे जोगळेकर काका.

हे किस्से सगळे एकाच आठवड्यातले. मुंबईच्या क्लायंटच्या सॉफ्टवेअरचं बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवायचं काम, पुढे सरकेना. कॉन्फिगरेशनच्या फाइली तयार व्हायच्या, झाल्या की पुन्हा पहिल्यापासून! शुक्रवारी क्लायंट येणार, आणि जमलं नाही तर काम पुण्याला. म्हणजे मीही पुण्याला, आणि घरी आई एकटी. माझं धाबं दणाणलं होतं.

*

सोमवारी सरांनी सगळ्या फाइली पुसून नव्याने टाकल्या. परत तेच! सर स्क्रीनला म्हणाले, "तुला दुसरं काही येत नाही काय?"

*

मंगळवारी वैतागून चहाला गेलो. आलो तर बिल्ड पूर्ण!

"मशीनला विश्रांती हवी होती," सरांनी जाहीर केलं. एक ओळ बदलली, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बुधवारी सहा वेळा चहा झाला. दर वेळी बिल्डही झालं!

"क्लायंटलाही चहा पाजू," सर म्हणाले.

"आणि त्याने समोरच बदल सांगितला तर?"

"तर दुसरा पाजू!"

*

गुरुवारी मी फाइलींच्या वेळा बघितल्या. आतल्या खोलीतल्या नव्या सर्व्हरवर अकरा वाजलेले, आणि मी आत्ता सेव्ह केलेली फाइल अकरा दहाची! सर्व्हरला वाटायचं, मूळ फाइल बनवलेल्या कॉन्फिगरेशनपेक्षा नवी आहे, म्हणून तो ते परत बनवायचा. दहा मिनिटं उलटली की गप्प.

आमच्या जुन्या पीसींच्या घड्याळाची बॅटरी गेलेली, त्यामुळे रोज सकाळी काका हाताने वेळ घालायचे. काका म्हणजे एसटीचे रिटायर्ड कंट्रोलर. विचारलं तर शांतपणे म्हणाले, "दहा मिनिटं पुढेच घालतो गो. तुझी गणपतीपुळ्याची सहाची गाडी चुकली तर घरी जाशील कशी?"

दोन वर्षांत गाडी एकदाही चुकली नव्हती, आणि मी समजत होते मीच वक्तशीर! ओरडणार होते, पण काकांसाठी चहा सांगितला. इतकं कोण कुणासाठी करतं हो?

*

शुक्रवारी काकांनी वेळा बरोबर घातल्या. क्लायंटने समोर बदल सांगितला, बिल्ड पहिल्या फटक्यात झालं. काम रत्नागिरीतच राहिलं!

त्या आनंदात सवयीप्रमाणे स्क्रीनवर पावणेसहा बघून निघाले. स्टँडवर पोचले तर सहा वाजून गेलेले, आणि गाडी उभीच!

कंडक्टर दारातून म्हणाला, "या, या! तुमचे काका दुपारीच सांगून गेलेत, पोरीचं घड्याळ आजपासून बरोबर झालंय, जरा थांबा म्हणून."